पन्हळ का तुटली, हे माळ्यावर जाऊन पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दुमजली घर, उतरतं छप्पर, वर डांबरी शिंगल (कौलांसारखे एकावर एक बसवलेले पातळ तुकडे), छपराखाली रिकामा पोटमाळा. दर हिवाळ्यात वळचणीला हातहातभर लांब बर्फाचे सुळके लोंबतात. गेल्या वर्षी उत्तरेकडची पन्हळ अर्धी सुटून खाली आली आणि त्याच बाजूच्या खोलीत छताच्या कोपऱ्याला चहाच्या रंगाचा डाग पडला. एक कारागीर म्हणतो हीटिंग केबल, म्हणजे विजेवर तापणारी तार, टाका, दुसरा म्हणतो मोठी पन्हळ बसवा आणि वर जाळी लावा. ऐकायचं कुणाचं?

सध्या दोघांचंही ऐकू नका. दोघंही पाणी जिथे दिसतं तिथे बघतायत. मी वीस-बावीस वर्षं छपरांचं काम करतोय, आणि अशा घरी गेलो की शिडी बाहेर लावण्याआधी माळ्यावर चढतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. मराठीत दोन्हीला आपण बर्फच म्हणतो. इथे वरून भुरभुरत पडतं ते हिम, आणि पाणी गोठून काचेसारखा होतो तो बर्फ. छपरावर साचलेलं हिम एकट्याने फारसं बिघडवत नाही. ते वितळून दुसऱ्या जागी पुन्हा गोठलं की भानगड सुरू होते.

होतं असं. घरातली ऊब छतातून माळ्यात शिरते, माळ्यातून छपराच्या फळ्यांना लागते. वर हिमाची दुलई असतेच. हिम चांगलं ऊबरोधक असल्यामुळे थर जितका जाड, तितकी फळी उबदार राहते. मग हिम वरून नाही, खालून वितळायला लागतं. ते पाणी शिंगलवरून, हिमाच्या पोटातून गुपचूप खाली सरकतं. वळचण मात्र भिंतीच्या बाहेर आलेली असते. तिच्याखाली घर नाही, ऊब नाही. पाणी तिथे पोचलं की गोठतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक थर, तिसऱ्या दिवशी आणखी. आठवड्याभरात तिथे बर्फाचा बांध तयार होतो आणि त्याच्या मागे पाणी तुंबतं.

शिंगल असोत की कौलं, ती पाणी वाहून जाण्यासाठी एकावर एक बसवलेली असतात. तुंबलेलं पाणी अडवणं हे त्यांचं काम नाही. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपण म्हणतो. आढ्यापर्यंत जात नसेल, पण पुढे बांध असला की ते शिंगलच्या दोन-तीन ओळी सहज चढतं. तिथून फळ्यांच्या फटीत, तिथून भिंतीच्या आतल्या बाजूला, तिथून तुमच्या कोपऱ्यात. तुमचा डाग बाहेरच्या भिंतीलगत आहे, त्यावरूनच माझा पहिला अंदाज हा आहे.

म्हणजे पन्हळीमुळे बांध होतो ही समजूत चुकीची. पन्हळच नसलेल्या घरांनाही बांध होतात. पन्हळ फक्त बर्फाला बसायला आयती जागा देते आणि वजन आपल्या अंगावर घेते.

आता एक तपासणी, जिला काहीच लागत नाही. पुढचं हिम रात्री पडलं की सकाळी ऊन यायच्या आत बाहेर या आणि रस्त्यापलीकडून आपलं छप्पर बघा. सगळीकडे सारखं पांढरं असेल तर छान. कुठे काळसर पट्टा असेल, गोल भोक पडलं असेल, तर त्याखाली ऊब गळते आहे. वाशांच्या रेषेत पांढरं आणि मधे काळं दिसलं तर वाशांमधल्या जागेतून ऊब निसटते आहे. फोटो काढून ठेवा. माळ्यावर चढल्यावर कुठे बघायचं ते हा फोटो सांगतो. शेजारच्या, तशाच उताराच्या घराचाही एक काढा. त्यांचं हिम जागेवर आणि तुमचं गायब असेल तर हवामानाला दोष देता येणार नाही.

मग माळ्यावर. कडाक्याच्या थंडीत जा, टॉर्च घेऊन जा, आणि पाय फक्त तुळयांवर ठेवा. मधल्या छताच्या पातळ पाट्या माणसाचं वजन पेलत नाहीत. टॉर्च छपराच्या आतून आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर मारा. घरातली दमट हवा वर येत असेल तर प्रत्येक टोकावर पांढऱ्या दवबर्फाचा मणी दिसेल. एके ठिकाणी मी असे शेकडो मणी लुकलुकताना पाहिले होते. दिसायला देखणं, पण थंडी उतरली की हे सगळे मणी एकदम वितळतात आणि माळ्यात अक्षरशः पाऊस पडतो. मालकाला वाटतं छप्पर गळतंय, छप्परवाल्यालाही तेच वाटतं, शिंगल बदलले जातात, आणि पुढच्या हिवाळ्यात गळती तशीच.

त्याच घराची गोष्ट पुरी करतो. मालकांनी सहा वर्षांत तीन वेळा पन्हळ बदलली होती, तीही फक्त एका बाजूची. न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर काढलेला होता, पण जोड निसटून तो माळ्यातच पडला होता आणि त्याचं तोंड नेमकं त्याच पाख्याकडे होतं. घरात पाच माणसं, रोज पाच गरम आंघोळी. सगळी वाफ फळीवर. पाइप जोडला, बाहेरपर्यंत नेला, त्याला ऊबरोधक गुंडाळलं. चौथी पन्हळ अजून जागेवर आहे.

तर पहिलं काम छिद्रं बुजवणं. इन्सुलेशन, म्हणजे ऊबरोधकाचा थर, त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात. माळ्यात कापसासारख्या इन्सुलेशनचा जाड थर टाकतात आणि खालची छिद्रं तशीच राहतात. त्या थरातून हवा सहज वर जाते, जशी स्वेटरमधून वारा जातो. जुनं इन्सुलेशन उचलून बघा: ज्या ठिकाणी ते धुळीने काळं पडलंय तिथून हवा वर येते आहे, कारण त्या थराने गाळणीचं काम केलेलं असतं. संशयित ठरलेले असतात. माळ्याचं झाकण, छतातले खोल बसवलेले दिवे, नळांचे आणि सांडपाण्याचे पाइप जिथून वर जातात ती भोकं, विजेच्या तारांची भोकं, आतल्या भिंतींचे वरचे माथे, आणि धुराड्याभोवतीची मोकळी पोकळी. खात्री नसेल तिथे पेटती उदबत्ती धरा. धूर कुठे ओढला जातो ते दिसेल.

बारीक फटींना सीलंट, बोटभर भोकांना फोम. धुराड्याभोवती मात्र फोम चालत नाही, तो जळतो. तिथे पत्रा कापून बसवायचा आणि कडेला उष्णता सहन करणारं सीलंट भरायचं, इन्सुलेशनही धुराड्याला चिकटू द्यायचं नाही. जुन्या पद्धतीच्या खोल दिव्यांवर इन्सुलेशन थेट टाकू नका, आग लागू शकते. इन्सुलेशनखाली चालणारे बंद डब्याचे दिवे मिळतात, ते बसवून घ्या. माळ्याचं झाकण लोक विसरतातच. घरातली सगळी ऊब वर जाते आणि तिथे पुठ्ठ्याएवढी फळी! झाकणाच्या वर फोमचा जाड तुकडा चिकटवा, कडेने दाराला लावतात तशी पट्टी लावा. तासाभराचं काम आहे.

छिद्रं बुजली की इन्सुलेशनचा थर वाढवा. मात्र वळचणीकडे तो वाशांमध्ये ठासून भरू नका. तिथे खालच्या जाळ्यांतून थंड हवा आत येते आणि फळीच्या पोटाला घासत आढ्याकडे जाते. ही वाट बंद केली तर फळी तापणारच. इन्सुलेशन आणि फळी यांच्यामध्ये निदान अडीच सेंटीमीटर, जमल्यास पाच, मोकळी जागा राहील अशा तयार पन्हळीसारख्या पट्ट्या मिळतात. त्या प्रत्येक दोन वाशांमध्ये आधी बसवा, मग इन्सुलेशन.

वायुवीजन किती हवं याचा चालत आलेला हिशेब असा: माळ्याच्या क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाइतकी निव्वळ मोकळी भोकं, त्यातली साधारण निम्मी खाली वळचणीला आणि निम्मी वर आढ्याजवळ. माळा ९० चौरस मीटर असेल तर ०.३ चौरस मीटर. निव्वळ म्हणजे जाळीच्या तारा आणि पट्ट्या वजा करून उरलेली जागा. जाळी दिसायला मोठी असली तरी हवेला मिळणारी जागा बरीच कमी असते. माळ्यात विजेचा पंखा बसवून हवा बाहेर फेकायची कल्पना काही जण सुचवतात. छतातली छिद्रं उघडी असताना तो पंखा खोल्यांतली उबदार हवाच वर ओढून घेतो. मी तो हिवाळ्यासाठी सुचवत नाही.

एक उपयोगी आकडा सांगतो. अमेरिकी लष्कराच्या शीत प्रदेश संशोधन प्रयोगशाळेतल्या टोबिआसन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात प्रत्यक्ष इमारतींच्या वळचणींवर हे काम केलं. त्यांना आढळलं की त्रासदायक बर्फ प्रामुख्याने बाहेरचं तापमान साधारण उणे ५.५ अंश सेल्सिअसच्या खाली आणि माळ्याचं उणे १च्या वर असताना साचतो. म्हणजे दोन साधे तापमापक तुमचं काम करतील. एक माळ्यात, आढ्याजवळ; एक बाहेर, सावलीत. बाहेर उणे सहा आणि माळ्यात अधिक चार दिसत असतील तर हीटिंग केबलबद्दल बोलायची वेळ अजून आलेलीच नाही. दुरुस्तीनंतर हेच आकडे पुन्हा बघा. केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही ते कुणाला विचारायला नको.

आता पन्हळीकडे येऊ. ती नव्याने बसवायची आहेच, तर नीट बसवून घ्या.

तुमची पन्हळ १२ सेंटीमीटर रुंद आणि ८ खोल धरली तर एका मीटरमध्ये जवळपास पावणेनऊ किलो बर्फ मावतो. बारा मीटरच्या बाजूला शंभर किलोच्या वर. एवढा भार पन्हळ धरणारे चांगले आकडे (हूक) पेलतील. पण त्याच्या डोक्यावर बांध, खाली सुळके, आणि वरून सरकणाऱ्या हिमाचा धक्का, हे सगळं आलं की जुने खिळे वळचणीच्या कडेच्या पाट्यातून हळूहळू बाहेर येतात. म्हणून खिळे नकोत, स्क्रू हवेत, आणि ते वाशांच्या टोकात गेले पाहिजेत, नुसत्या पाट्यात नाही. आकड्यांमधलं अंतर हिम पडणाऱ्या भागात ४०-४५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. ६० सेंटीमीटरवर लावलेले मी दर वर्षी काढतो आणि पुन्हा लावतो.

उंची त्याहून महत्त्वाची, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. छपराच्या उतारावर एक सरळ पट्टी ठेवा आणि ती पन्हळीच्या पुढे येऊ द्या. पन्हळीची बाहेरची कड त्या पट्टीच्या खाली राहिली पाहिजे. मग घसरणारं हिम पन्हळीवरून पलीकडे पडतं. कड पट्टीच्या वर आली तर हिमाची सगळी घसरण ती कड अडवणार, आणि ती लढाई पन्हळ हरणार. तुमची अर्धी पन्हळ कुठून सुटली, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण शेवटाकडची कड वर उचललेली होती का ते जुन्या खुणांवरून बघा.

उतार दर तीन मीटरला ६ ते १२ मिलिमीटर. तपासायला वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता, पाच मिनिटांनी बघा. कुठे डबकं उरलं असेल तर तिथेच पहिला बर्फ धरणार. पानं झडून संपल्यावर पन्हळ साफ करा, आधी नाही. अर्धी पानं झाडावर असताना केलेली सफाई वाया जाते. उभ्या पाइपात वरून पाणी सोडून ते खालून तितक्याच जोराने येतंय ना ते बघा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि पाइपात चोंदलेलं असेल तर पाइप शिवणीवर उसवतो, बहुतेक वेळा खालच्या वळणापाशी. पाइपाचं पाणी जमिनीखालच्या नळीत जात असेल आणि ती नळी हिवाळ्यात गोठत असेल, तर हिवाळ्यापुरता जोड सोडा आणि पाणी घराच्या पायापासून दीड-दोन मीटर लांब सोडा. पायवाटेवर मात्र नको, तिथे काचेसारखा थर होतो आणि कुणीतरी आपटतं.

जाळीबद्दल: पानांसाठी ती ठीक, बर्फासाठी काही कामाची नाही. सपाट जाळीवर बर्फ उलट आरामात बसतो.

हीटिंग केबल मी कधीच लावत नाही असं नाही. वर माळाच नाही, छत थेट वाशांना ठोकलेलं आहे आणि इन्सुलेशनला जागा नाही, किंवा दोन पाख्यांच्या खाचेत दर वर्षी बर्फ धरतो, तिथे ती लावतो. पण ती बांध होऊ देत नाही असं नाही. ती बांधातून पाण्याला एक वाट काढून देते, इतकंच. म्हणून ती पन्हळीतून पुढे उभ्या पाइपाच्या तळापर्यंत न्यायलाच हवी, नाहीतर वर वितळलेलं पाणी पाइपात गोठतं. तापमानाप्रमाणे स्वतःची उष्णता कमीजास्त करणारी केबल घ्या, आणि गळती झाल्यास वीज तोडणारं संरक्षण असलेल्या जोडणीवरच ती चालवा. खर्चाचा अंदाज हवा तर तीस मीटर केबल, मीटरला २० वॅट धरले, तर ६०० वॅट; दिवसरात्र चालली तर रोज १४ युनिटच्या वर. एवढी वीज छपरावरचा बर्फ वितळवायला, आणि त्या बर्फाचं मूळ तुमच्याच हीटरची वाया गेलेली ऊब!

छप्पर पुढे कधी नव्याने करायचं झालं तर शिंगलखाली वळचणीला चिकटणारं जलरोधक आवरण घालायला सांगा. ते कडेपासून सुरू होऊन बाहेरच्या भिंतीच्या आतल्या रेषेच्या पुढे निदान ६० सेंटीमीटर गेलं पाहिजे. वळचण रुंद असेल तर एका पट्ट्यात भागत नाही, दोन लागतात.

हे सगळं या हिवाळ्याआधी जमलं नाही, तर काय?

लांब दांड्याचं हिम ओढायचं फावडं घ्या आणि जमिनीवरूनच वळचणीचा सव्वा-दीड मीटरचा पट्टा मोकळा करा. वरून खाली ओढायचं, आडवं किंवा उलटं खरवडायचं नाही, आणि तळाचा दोन-तीन बोटं थर राहू द्यायचा, नाहीतर शिंगलवरचे खडे निघून येतात. दांडा ॲल्युमिनियमचा असतो. विजेच्या तारा कुठून येतात ते आधी बघा. सुळक्यांच्या खाली उभं राहून हे करू नका. फार गळकी ऊब असलेल्या छपरावर एक गंमत होते: खालचा पट्टा साफ केला की बांध त्याच्या वरच्या कडेला, हिम जिथे सुरू होतं तिथे धरतो. तसं झालं तर आणखी वरपर्यंत ओढावं लागेल.

बांध झालाच असेल तर जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरा, तोंड बांधा आणि बांधावर आडवा नाही, उभा ठेवा, एक टोक पन्हळीच्या बाहेर लोंबत. काही तासांत त्याच्याखाली नाली पडते आणि मागचं पाणी निघून जातं. खडेमीठ नको: उणे ९ अंशांच्या खाली ते जवळजवळ निकामी असतं आणि पन्हळीचा धातू खातं. कुऱ्हाड, हातोडी, छिन्नी यांचं नाव काढू नका. थंडीत शिंगल बिस्किटासारखे मोडतात. ज्योतीची बंदूक तर अजिबात नाही. घाई असेल तर कमी दाबाच्या वाफेने बर्फ कापणाऱ्या माणसाला बोलवा. आणि पन्हळीला शिडी टेकवून तुम्ही स्वतः बर्फाळ छपरावर चढणार असाल, तर हे उत्तर इथेच वाचायचं थांबवा.

वजनाची भीती वाटते असंही तुम्ही लिहिलंय. ताजं, कोरडं हिम ३० सेंटीमीटर साचलं तरी चौरस मीटरला १५ ते ३० किलो. तितक्याच उंचीचं, पण दबलेलं आणि पाऊस प्यायलेलं हिम शंभर किलोच्या आसपास जातं. म्हणून उंची बघून घाबरू नका, प्रकार बघा. खरी सावधगिरी वाऱ्याने एका बाजूला ढीग झालेल्या जागी आणि उंच छपराखालच्या ठेंगण्या छपरावर. आतली दारं अचानक अडकायला लागली, भिंतीत नव्या चिरा दिसल्या, छत कुरकुरलं, तर फावडं शोधत बसू नका, घराबाहेर पडा आणि मग फोन करा.

ओढलेलं हिम कुठे पडतंय तेही बघा. बऱ्याच घरांत हीटरच्या धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढलेला असतो, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. त्याच्या तोंडावर तुम्हीच ढीग रचला तर कार्बन मोनॉक्साइड घरात उलटतो. छप्पर वाचवताना हे झालेलं मी पाहिलंय. त्या घरात वेळेवर अलार्म वाजला म्हणून निभावलं.

पाणी आत टपकायला लागलं तर माळ्यात गळतीच्या जागेखाली बादली, आणि बाहेरची थंड हवा त्या जागेवर मारणारा एक पंखा. गळणारं पाणी तिथेच गोठतं आणि तेवढ्यापुरती गळती थांबते, बाकीचं काम करायला एक रात्र मिळते. खोलीतलं छत पाण्याने फुगून पोट धरल्यासारखं दिसत असेल तर त्या खोलीची वीज बंद करा, खाली बादली ठेवा आणि फुगवट्याच्या मध्यावर स्क्रूड्रायव्हरने एक छिद्र पाडा. एका छिद्रातून पाणी गेलेलं परवडतं. अख्खी पाटी डोक्यावर पडलेली नाही.

तुमच्या कोपऱ्यातला डाग मात्र इतक्यात रंगवू नका. त्याच्या वरचं इन्सुलेशन माळ्यातून हाताने दाबून बघा. ओलं, बसलेलं असेल तर तेवढं काढून टाका, फळी महिनाभर उघडी वाळू द्या. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पुढचं मोठं हिम पडून वितळेपर्यंत डाग रेघेच्या आत राहिला तर रंगाचा डबा आणा.